मुलांसाठी नवं संगीत लिहून घ्या : ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सांस्कृतिक समित्या

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाचे हॉल धरून ठेवायची लगबग सुरू झाली असेल. गणपतीला कोण, दिवाळीला कोण, मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कलाकारांचा व्हिसा कोण बघणार, त्यांची उतरायची सोय कोणाच्या घरी, ही बोलणीही चालू असतील. त्या यादीत एक ओळ वाढवावी म्हणून हे पत्र. ब्रिटनमध्येच राहणाऱ्या एखाद्या संगीतकाराकडून आपल्या मुलांसाठी एक नवी रचना लिहून घ्या. शब्द मराठी असोत, आणि मुलांच्या हातात आज जी वाद्यं आहेत ती सगळी तिच्यात वाजू देत.

मी इथल्या एका शाळेत संगीत शिकवते, बरीच वर्षं मंडळाची सभासद आहे आणि वर्गणी वेळेवर भरते. तेव्हा बोलायचा अधिकार आहे असं धरून चालते.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं ते सर पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी. इथे सगळे त्यांना नुसतं मॅक्स म्हणत, मीही तेच म्हणते. २०१६च्या मार्चमध्ये, ८१व्या वर्षी ते गेले. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं ते 'मास्टर ऑफ द क्वीन्स म्युझिक' होते, म्हणजे राणीचे अधिकृत संगीतकार. दहा सिम्फनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना), नॅक्सॉस या रेकॉर्ड कंपनीसाठी लिहिलेले दहा स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना), ऑपेरा, बॅले, सगळं मिळून तीनशेच्या वर रचना. राजवाड्याचा भाग बाजूला ठेवू. आपल्या कामाचं आहे ते त्यांनी एका शाळेत आणि नंतर काही बेटांवर काय केलं ते.

जन्म १९३४चा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमधला, साध्या कामगार वस्तीतला. चार वर्षांचे असताना घरच्यांनी गिल्बर्ट आणि सलिव्हनचा 'द गाँडोलियर्स' हा विनोदी ऑपेरा दाखवायला नेलं, आणि पोराने तिथेच ठरवलं की आपण हेच करायचं. पुढे ग्रामर स्कूलमध्ये संगीत हा विषय घेऊन परीक्षेला बसायचं म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी सुनावलं, की ही काही मुलींची शाळा नाही. पोरगा हटला नाही. तसाच शिकला, मँचेस्टरला गेला, तिथे संगीतकार हॅरिसन बर्टविसल आणि अलेक्झांडर गोर, पियानोवादक जॉन ऑगडन अशी एकाहून एक अवली मंडळी सोबतीला मिळाली. मग रोमला जाऊन संगीतकार गोफ्रेडो पेत्रासींकडे शिकून आला. एवढं सगळं झाल्यावर १९५९ साली त्यांनी नोकरी धरली ती सायरनसेस्टर या आडगावच्या ग्रामर स्कूलमध्ये संगीत मास्तराची. पोटासाठीच धरली असणार. पण तिथल्या तीन वर्षांत जे झालं त्याचे दाखले आम्हा संगीत शिक्षकांना आजही दिले जातात.

त्या काळात शाळेचा ऑर्केस्ट्रा म्हणजे मोठ्या उस्तादांच्या रचनांचं पातळ करून दिलेलं रूप. अवघड जागा कापायच्या, सूर सोपे करायचे, आणि मुलांनी ते कसंबसं निभावून न्यायचं. मॅक्सनी समोर बसलेली मुलं पाहून लिहायला घेतलं. कोणाला बासरीवर पाचच सूर येतात? मग त्या पाच सुरांना काम द्या. एखाद्याला काहीच वाजवता येत नाही? त्याच्या हाती घंटा किंवा झांज द्या, पण तो नेमक्या क्षणी वाजला नाही तर सगळं कोसळेल अशी जागा द्या. १९६०चं 'ओ मॅग्नम मिस्टेरियम' याच शाळेसाठी लिहिलेलं आहे. ख्रिस्तजन्माची साधी, जवळजवळ उघडीवाघडी गाणी मुलांच्या कंठात. मधून मधून शाळेच्या वादकांसाठी दोन तुकडे, ज्यात काही जागा मुलांनी तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवून भरायच्या. आणि शेवटी ऑर्गनची एक लांबलचक, अवघड फँटसी, जी कसलेल्या वादकानेच वाजवावी. मुलांच्या कार्यक्रमात इतकं कठीण संगीत कशाला, असं त्यांना कोणी विचारलं असेलच. मला तर त्यातच गंमत वाटते. आपण आत्ता जे गायलो त्याचेच सूर हा मोठा माणूस ऑर्गनवर कुठल्या कुठे नेतोय, हे मुलांनी तिथेच बसून ऐकायचं. वेगळं 'बालसंगीत' नावाचं कुंपणच नाही.

शिवाय मुलं स्वतः रचना करू लागली, हे आणखी एक. मास्तर स्वतः लिहितो आणि ते आपल्याला वाजवायला देतो, हे रोज दिसत असल्यावर लिहिणं म्हणजे काही आकाशातून पडणारी गोष्ट आहे असं त्यांना वाटेनासं झालं.

कोणाला वाटेल, सज्जन, मुलांत रमणारा मास्तर. तसं नव्हतं बरं का. १९६९ साली लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात त्यांचं 'वर्ल्डेस ब्लिस' वाजलं तेव्हा बहुतेक श्रोते उठून गेले. त्याच वर्षीच्या 'एट साँग्स फॉर अ मॅड किंग'मध्ये वादक पिंजऱ्यांत बसलेले, आणि वेडा झालेला राजा तिसरा जॉर्ज किंचाळत, पुटपुटत गाताना व्हायोलिन हिसकावून मोडतो. मलासुद्धा त्यांचं सगळं आवडतं असं नाही. दहापैकी तीन-चार क्वार्टेट मी पुन्हा ऐकेन, बाकीच्यांना लांबून नमस्कार. मुद्दा एवढाच, की तुमच्या मुलांसाठी लिहायला 'मुलांसाठी लिहिणारा' माणूस शोधत बसू नका. गंभीर, थोडा विक्षिप्त संगीतकार मिळाला तर उत्तमच.

आता बेटांकडे. १९७० साली मॅक्स स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर फिरायला गेले, तिथल्या स्ट्रॉमनेस गावचे कवी जॉर्ज मॅके ब्राउन यांची गाठ पडली, आणि थोड्याच काळात हॉय बेटावर रॅकविकच्या कड्यावरचं एक पडकं घर त्यांनी घेतलं. सुरुवातीला ना वीज, ना नळ. खाली समुद्र, वर वारा, वाकून पाहिलं तर चार घरं. तिथे ते एकांतासाठी गेले होते. पण एकांतात राहूनही गावाशी नातं कसं ठेवायचं हे त्यांना उमगलं होतं.

१९७७ साली त्यांनी, मॅके ब्राउन यांनी, स्ट्रॉमनेसच्या शाळेत शिकवणाऱ्या आर्ची बेव्हन यांनी आणि ऑर्कनीतल्याच कर्कवॉल गावच्या कॅथिड्रलचे ऑर्गनवादक नॉर्मन मिचेल यांनी मिळून सेंट मॅग्नस महोत्सव सुरू केला. म्हणजे एक कवी, एक मास्तर, एक ऑर्गनवाला आणि एक संगीतकार. आपली कार्यकारिणी याहून मोठी असते! अख्ख्या ऑर्कनीची लोकसंख्या आजही २२,०००च्या आसपास आहे. दरवर्षी जूनमध्ये, रात्री अंधारच होत नाही अशा दिवसांत हा महोत्सव भरतो, आणि आजवर चालू आहे. बाहेरचे नामांकित कलाकार येतात, येऊ देत. पण सुरुवातीपासूनच रिवाज असा पडला, की गावातल्या गायकांना, शाळेतल्या मुलांनाही त्याच महोत्सवात, त्याच मंचावर जागा, आणि तीही नव्या संगीतासह.

१९७८ साली कर्कवॉल ग्रामर स्कूलच्या मुलांनी 'द टू फिडलर्स' हा ऑपेरा केला. गोष्ट तिथलीच: लग्नात वाजवून रात्री परतणारे दोन व्हायोलिनवादक, त्यातल्या एकाला वाटेत टेकडीतली भुतं आत ओढून नेतात, तो बाहेर येतो तेव्हा घटकाभराऐवजी वर्षं उलटून गेलेली, आणि माणसं आयतं खाऊन सुस्तावलेली. १९८० साली 'सिंड्रेला', तीसुद्धा परदेशातून आलेली घरकामाची मुलगी. १९८१ साली हॉयवरच्या शाळेतल्या मुलांसाठी 'साँग्स ऑफ हॉय'. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे १९७९चं 'कर्कवॉल शॉपिंग साँग्स'. नाव वाचूनच कळेल. प्राथमिक शाळेतली मुलं आईबरोबर बाजारात जातात, दुकानं बघतात, हे-ते मागतात, त्याची गाणी. शब्दही मॅक्सनीच लिहिलेले. ज्यांच्या नावावर तोवर वेडा राजा आणि उठून गेलेले श्रोते जमा होते, ते गृहस्थ बसून वाण्याच्या दुकानावर गाणी रचताहेत.

त्याच १९८० साली दक्षिण स्कॉटलंडच्या वीज मंडळाच्या मनात ऑर्कनीत युरेनियम खणायचं होतं, स्ट्रॉमनेसच्या अगदी उंबऱ्याशी. बेटांवर संताप उसळला. मॅक्सनी महोत्सवात 'द यलो केक रेव्ह्यू' सादर केला (यलो केक म्हणजे खनिजातून काढलेली युरेनियमची पूड): अभिनेत्री एलिनर ब्रॉन टोमणे मारत गाणार, मॅक्स स्वतः पियानोवर. त्यात दोन गाण्यांच्या मध्ये वाजवायचा छोटासा तुकडा आहे, 'फेअरवेल टू स्ट्रॉमनेस'. डावा हात एका ठेक्यात खाली पावलं टाकत राहतो, घर सोडून निघालेल्या माणसांची पावलं. उजव्या हातात लोकगीतासारखी साधी चाल. पियानोच्या मधल्या इयत्तेतला कोणीही मुलगा वाजवू शकतो. माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी वाजवतंच, आणि हा निषेध होता हे सांगितलं की वाजवणं एकदम बदलतं. खाण काही झाली नाही. तुकडा मात्र लग्नांपासून अंत्ययात्रांपर्यंत सगळीकडे पोचला. २००५ साली चार्ल्स आणि कॅमिला यांच्या विवाहाच्या प्रार्थनेतसुद्धा वाजला. गावच्या भांडणासाठी लिहिलेलं संगीत राजघराण्यात गेलं, याचं मला भारी हसू येतं. (त्याच वर्षी मॅक्सच्या दारात पोलीसही आले होते. विजेच्या तारांना धडकून मेलेला हंस त्यांनी शिजवायला घेतला होता, आणि हंस इथे कायद्याने संरक्षित. आलेल्या पोलिसांना त्यांनी म्हणे हंसाच्या पदार्थाचा आग्रहही केला. राणीचा संगीतकार!)

उतारवयात ते सँडे नावाच्या आणखी लहान बेटावर राहायला गेले, जिथे सगळी मिळून पाचेकशे माणसं. २०१३ साली रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं, दहावी सिम्फनी काही अंशी हॉस्पिटलच्या खाटेवर लिहून झाली, आणि अगदी शेवटी त्यांनी हातात घेतलं ते काय, तर पुन्हा मुलांसाठीचं काम: ऑर्कनीच्या टेकडीतल्या भुतावरचा ऑपेरा, 'द हॉगबून'. तो पाहायला ते उरले नाहीत. जून २०१६मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये सायमन रॅटल यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि मुलांची फौज घेऊन तो केला.

आता आपल्याकडे या. नाव कोणत्याच मंडळाचं घेत नाही, कारण चित्र थोड्याफार फरकाने सारखंच आहे. गणपतीचा दुसरा दिवस, भाड्याचा हॉल, 'बालकलाकारांचा कार्यक्रम'. साउंडवाल्याला पेन ड्राइव्ह दिलेला. ट्रॅक सुरू होतो, मुलं त्यावर गातात किंवा नाचतात, आयांचे मोबाइल वर, टाळ्या. गाणी त्यांच्या आजीच्या लहानपणची किंवा गेल्या वर्षीच्या सिनेमातली. मधे एकदा तालमीला गेले होते, तर कोपऱ्यात एक दहा-अकरा वर्षांची मुलगी चेलोची पेटी घेऊन बसलेली. शाळेच्या ऑर्केस्ट्रात वाजवते, चांगलं वाजवते. तिने हौसेने आणला होता. पण त्या ट्रॅकमध्ये चेलोचं करायचं काय, हे कोणालाच सुचेना. 'तू पुढच्या रांगेत उभी राहा, छान दिसशील,' असं तिला सांगण्यात आलं, आणि पेटी उघडलीच गेली नाही.

अशी मुलं आपल्यात किती आहेत, जरा मोजा तरी. व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युकेलेली, रेकॉर्डर, शाळेने शिकवलेलं. रविवारी तबला आणि पेटी, आईबाबांच्या हौसेखातर. आणि ढोल-ताशाचं पथक तर आता बहुतेक शहरांत उभं राहिलंय. हे सगळं एकत्र वाजेल असं एकही गाणं आपल्याकडे नाही, कारण असं गाणं कोणी कधी लिहिलेलंच नाही. ते आयतं मिळणार नाही, लिहूनच घ्यावं लागेल.

हे जमण्यासारखं आहे का? मी शिक्षिका म्हणून सांगते, जमतं. आपल्या बायका बहुधा पेटीवरची जी काळी पाच ही पट्टी धरून गातात ती म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला बी फ्लॅट, आणि नेहमीची क्लॅरिनेट-ट्रम्पेट नेमकी त्याच सुरात बांधलेली असतात; त्या मुलांना ती पट्टी म्हणजे घरचं अंगण. पांढरी दोन धरलीत तर व्हायोलिन आणि चेलोच्या मोकळ्या तारांवर निम्मं काम होतं. काळी एक धरलीत तर मात्र नवशिक्या व्हायोलिनवाल्यांचे हाल कुत्रा खाणार नाही. हे सगळं जाणून, कोणाला काय येतं ते विचारून लिहिणं म्हणजेच मॅक्सनी सायरनसेस्टरला केलं ते. आणि १९९२च्या 'द टर्न ऑफ द टाइड'मध्ये तर त्यांनी आणखी पुढची युक्ती केली. व्यावसायिक ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनेत स्थानिक शाळांतल्या मुलांनी स्वतः रचलेले तुकडे बसतील अशा जागाच सोडल्या. आपल्या ढोल पथकातल्या पोरांना अशी जागा दिली तर ती काय करतील, हे बघायला मी पहिल्या रांगेचं तिकीट काढेन.

हरकती मला पाठ आहेत. 'लोकांना ओळखीचं लागतं.' लागू दे की, दोन तासांच्या कार्यक्रमात दहा मिनिटं अनोळखी ऐकून कोणी उपाशी मरत नाही. शिवाय पोटचं पोर वाजवत असेल तर आईबाप काहीही ऐकतात. 'मुलांना मराठी धड येत नाही.' म्हणूनच तर शब्द त्यांच्या जगातले हवेत. कर्कवॉलच्या मुलांना दुकानांवर गाणी मिळाली. हाउन्स्लो नाहीतर स्लॉच्या मुलांना बसचा लाल रंग, डब्यातली पोळी-भाजी लपवून खाणं, आजीचा व्हिडिओ कॉल, पावसात रद्द झालेली मॅच यांवर मराठी ओळी लिहून द्यायला आपल्यात कवी कमी आहेत का? दर संमेलनात रांग लागते. 'मराठी संगीतकार इथे कुठे मिळेल?' मराठी असायलाच हवा असं नाही. मॅक्स स्वतः ऑर्कनीचे नव्हते, सॅल्फर्डहून गेले होते, आणि तिथल्या कवीला, मास्तरांना हाताशी धरून शिकले. मँचेस्टरचं रॉयल नॉर्दर्न कॉलेज, ग्लासगोची रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर, लंडनचं गिल्डहॉल, इथून दरवर्षी रचना शिकलेली तरुण मुलं-मुली बाहेर पडतात, आणि त्यांना काम हवं असतं. त्यातल्या एकाला महिनाभर आपल्या रविवारच्या शाळेत आणून बसवा, मुलांचं ऐकू द्या, वडापाव खाऊ घाला, मग लिहायला सांगा.

राहता राहिला पैसा. आर्ट्स कौन्सिल इंग्लंड, क्रिएटिव्ह स्कॉटलंड, पीआरएस फाउंडेशन यांच्याकडे नव्या संगीतासाठी अनुदानाच्या योजना असतात. अर्ज कटकटीचे आहेत, हे खरं. पण आपल्यातले निम्मे लोक दिवसभर ऑफिसात तेच करतात. संगीतकाराला फुकट लिहायला मात्र सांगू नका. 'प्रसिद्धी मिळेल' हे वाक्य तर उच्चारूच नका. जो मान आणि मानधन आपण मुंबईहून आलेल्या गायकाला देतो, त्याच्या निम्मं तरी याला द्या. आणि दोन-तीन मंडळांनी मिळून एक रचना लिहून घेतली तर खर्चही वाटला जाईल, शिवाय ती एकदाच वाजून कपाटात जाणार नाही.

माझ्याकडून म्हणाल तर, कोणाच्या मुलाला काय वाजवता येतं याची यादी करायला मी तयार आहे, तालमी घ्यायला तयार आहे, क्लॅरिनेटवाल्यांचे वेगळे कागद लिहून द्यायलाही तयार आहे. फक्त एक करा. पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वरच्या बाजूला घ्या. 'ऐनवेळचे विषय' या सदरात नको. तोवर चहा आलेला असतो आणि अर्धी माणसं पार्किंगची वेळ संपली म्हणून उठलेली असतात.

कळावे,
आपली,
एक सभासद आणि संगीत शिक्षिका